गर्भातलं बाळ पाणी गिळतं, त्या पाण्याचं पुढे काय होतं?

ओवीची_आई | मंगळवार, रात्री १०:१२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. विषय माझ्या मनातून साडेचार वर्षं गेलेला नाही.

ओवीच्या वेळी आठवा महिना लागला आणि माझं पोट एकदम वाढलं. निऱ्या खोचायला जागा उरेना, रात्री आडवं पडलं की धाप लागायची. सोनोग्राफीत एएफआय, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी (गर्भजल) किती आहे ते सांगणारा आकडा, २९ आलं. गावातल्या सेंटरवर एवढंच सांगितलं, "पाणी जास्त झालंय, पाणी जरा कमी प्या." घरी ते वाक्य सगळ्यांनी धरून ठेवलं. मी तांब्याला हात लावला की सासूबाई बघायच्या. भर एप्रिलमध्ये मी दिवसाला चार भांड्यांवर आले. पंधरा दिवसांनी आकडा ३१.

मग मोठ्या शहरात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी प्रोब एकाच जागी बराच वेळ धरून ठेवला. म्हणाल्या, "बाळाच्या पोटात इथे एक काळा ठिपका दिसायला हवा, जठराचा. बाळाने पाणी गिळलं की तो दिसतो. मला दिसत नाहीये. तुम्ही थोडं फिरून या, परत बघू." अर्ध्या तासाने नव्हता. चार दिवसांनीही नव्हता. तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की तुम्ही किती पाणी पिता याच्याशी ह्याचा काही संबंध नाही, बाळाला पाणी गिळता येत नाहीये.

मला तोवर माहीतच नव्हतं की बाळ पोटात काही गिळतं. नाळेतून सगळं मिळतं, एवढंच शाळेत शिकलेलं.

छत्तिसाव्या आठवड्यात पिशवी फुटली. ओवी १,९०० ग्रॅमची झाली. तोंडातून घातलेली नळी दहा सेंटिमीटरवर अडली. एक्स-रेत पोटात हवेचा मागमूस नाही. अन्ननलिकेची दोन टोकं, मध्ये अंतर, आणि श्वासनलिकेशीही कुठे जोड नाही. दुसऱ्या दिवशी पोटातून थेट जठरात नळी बसवली. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "जठर माझ्या अंगठ्याएवढं आहे. कधी वापरलंच गेलेलं नाही ना." पहिले काही दिवस ५ मिली दूध घातलं तरी ते भरून यायचं.

तीन महिन्यांत ते जठर ६० मिलीपर्यंत आलं, मग टोकं जोडली. आज ती धावते, भांडते, पण अजूनही चणीने बारीक आहे.

माझा प्रश्न हा की ती लहान राहिली ती ते पाणी न मिळाल्यामुळे का? सगळं अन्न नाळेतून येत असेल तर गिळलेल्या पाण्याने काय फरक पडतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं. मला समजावून घ्यायचं आहे.

---

चिंतामणी_दापोली | मंगळवार, रात्री १०:५०

वाचून पोटात कालवलं. ओवीला खूप आशीर्वाद.

एक शंका मात्र विचारतोच. पाणी आईच्या शरीरातून येतं ना? मग बाळ लघवीही त्यातच करतं आणि तेच पितं, हे खरं का? सूनबाईंना हे कुठेतरी वाचून फार कसंतरी झालं होतं.

---

बालशल्य | बुधवार, सकाळी ६:३५

मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो. या धाग्यावर निवांत लिहावं म्हणून सकाळी लवकर बसलो आहे.

ओवीच्या आई, सगळ्यात आधी. अन्ननलिका आणि श्वासनलिका सुरुवातीला एकच नळी असते. चौथ्या ते सातव्या आठवड्यात त्या वेगळ्या होतात. बऱ्याच जणींना तेव्हा दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. ओवीचं जे झालं ते तेव्हाच झालं. साधारण तीन-साडेतीन हजार जन्मांत एका बाळाला अन्ननलिकेचा हा दोष असतो, आणि त्यातही ओवीचा प्रकार कमी दिसतो. बहुतेकांत खालचं टोक श्वासनलिकेला जोडलेलं असतं. एप्रिलमध्ये तुम्ही चार भांडी प्यायलात की चौदा, याने काहीही बदललं नसतं. ते ओझं उतरवून ठेवा.

चिंतामणीकाका, हो, खरं आहे, आणि त्यात कसंतरी वाटण्यासारखं काही नाही. पहिल्या तीन महिन्यांत पाणी मुख्यतः आईच्या रक्तातून पाझरून येतं. बाळाची त्वचाही तेव्हा इतकी पातळ असते की तिच्यातून पाणी आतबाहेर करतं. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास त्वचेवर केराटिनचा, म्हणजे नखांत असतं तशा कठीण प्रथिनाचा, थर येतो आणि ती वाट बंद होते. तोवर मूत्रपिंडं कामाला लागलेली असतात. नंतरचं बहुतेक पाणी ही बाळाची लघवीच, जोडीला फुप्फुसांतून येणारा द्रव. पण आपण लघवीतून जो मळ बाहेर टाकतो तो काढण्याचं काम पोटात वारेचं (नाळ जिला जोडलेली असते ती, प्लॅसेंटा) असतं, तो आईच्या रक्तात जातो. बाळाची लघवी अगदी पातळ असते. गर्भजलाचा ९८-९९ टक्के भाग नुसतं पाणी असतो.

आता हिशेब बघा. दिवस भरत आलेलं बाळ दिवसाला साधारण ७०० ते ९०० मिली लघवी करतं. आणि गिळतं किती? ५०० ते ७०० मिली. तीन किलोच्या बाळाने एवढं पिणं म्हणजे साठ किलोच्या माणसाने दिवसाला दहा-बारा लिटर पिण्यासारखं आहे. त्या वेळी पिशवीत एकूण पाणी असतं पाऊण लिटरच्या आसपास. म्हणजे जवळजवळ सगळं पाणी रोज बाळाच्या पोटातून फिरून येतं. जे गिळलं जात नाही त्यातलं काही वारेच्या पृष्ठभागावरच्या रक्तवाहिन्या परस्पर शोषून घेतात. गिळणं बंद झालं की हिशेब बिघडतो आणि पाणी साठतं. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी तेच ओळखलं.

गिळायला सुरुवात दहा-बारा आठवड्यांत होते. तेव्हा पिशवीत जेमतेम ३० मिली पाणी असतं, सहा छोटे चमचे म्हणा.

हे मोजलं कसं, तेही सांगतो. १९३७ साली डी स्नू नावाच्या डच प्रसूतितज्ज्ञाने पाणी जास्त झालेल्या बायकांच्या गर्भजलात सॅकरिन सोडलं, जोडीला निळा रंग. पाणी गोड झालं की बाळ जास्त पिईल, प्यायलेला रंग वारेतून आईच्या रक्तात आणि तिथून तिच्या लघवीत उतरेल, असा तर्क होता. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. पुढे १९६५ मध्ये अमेरिकेत प्रिचर्ड यांनी किरणोत्सारी क्रोमियमची खूण केलेल्या तांबड्या पेशी गर्भजलात सोडून किती गिळल्या गेल्या ते मोजलं. आजचे आकडे त्याच्या फार दूर नाहीत.

ओपीडीची वेळ झाली. वाढीबद्दल रात्री लिहितो. मूळ प्रश्न तोच आहे.

---

केतकी_डोंबिवली | बुधवार, दुपारी १:२०

फार छान माहिती. मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून एक भर घालते.

गर्भजलाला चव असते आणि ती आईच्या जेवणाने बदलते. गरोदर बायकांना लसणाच्या कॅप्सूल देऊन नंतर त्यांचं गर्भजल काही लोकांना हुंगायला दिलं, तर लसूणवालं कुठलं ते त्यांनी बहुतेक वेळा बरोबर ओळखलं. २००१ मध्ये मेनेला यांच्या गटाने शेवटच्या तिमाहीत काही जणींना आठवड्यातून चार दिवस गाजराचा रस दिला. त्यांच्या बाळांना पुढे उष्टावणाच्या वयात गाजराच्या चवीची पेज दिली तेव्हा त्यांनी तोंडं कमी वाकडी केली. २०२२ मध्ये इंग्लंडात डरहॅमला सोनोग्राफीवर बाळांचे चेहरेच बघितले. आईने गाजराची कॅप्सूल घेतली की चेहरा हसरा दिसायचा, केल नावाच्या कडवट पाल्याची घेतली की रडवेला.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या गरोदर मुलींना मी सांगते की सातव्या महिन्यात ओटी भरताना हौसेचं जेवण होऊ दे, पण रोजच्या ताटात मेथी, शेपू, कारलं, लसणाची चटणी असू दे. बाळ तेच चाखत असतं.

---

प्रमोद_ठाणे | बुधवार, दुपारी ३:०५

केतकीताई, चवीचं पटलं. पण धाग्याचा प्रश्न वाढीचा आहे. मला स्वतःला वाटतं की गिळलेल्या पाण्याचं महत्त्व जरा वाढवून सांगितलं जातंय. ९८-९९ टक्के पाणी असलेल्या द्रवात पोषण ते किती असणार? ग्लुकोज, चरबी, कॅल्शियम, लोह, सगळं नाळेतून येतं. अन्ननलिका बंद असूनही ओवी १,९०० ग्रॅमची झालीच की. आणि अशा बाळांचं वजन कमी असायला दुसरीही कारणं आहेत. पाणी जास्त म्हणून ती लवकर जन्मतात. काहींना हृदयाचे, मूत्रपिंडांचे दोष असतात, काहींना गुणसूत्रांचे. त्यामुळे "पाणी न प्यायल्याने लहान राहिली" हे सिद्ध कसं करणार?

ओवीच्या आईचं मन दुखवण्याचा हेतू नाही. उलट, प्रत्येक गोष्टीला पाणी कारण आहे असं त्यांनी धरून बसू नये असं वाटतं.

---

माणदेशी | बुधवार, संध्याकाळी ७:४०

प्रमोदभाऊ, प्रश्न एकदम बरोबर. माणसात हे सिद्ध करता येत नाही म्हणूनच ते मेंढ्यांत केलं. मी पशुवैद्यक आहे, उभा जन्म मेंढरांत गेला, म्हणून या कामाची मला ओढ आहे.

मेंढीच का, तर गाभणकाळ पाच महिन्यांचा, कोकरू जन्मताना माणसाच्या बाळाएवढंच, तीन-चार किलोचं, आणि मेंढीचं गर्भाशय उघडून परत शिवलं तरी ती बहुधा गाभडत नाही. गाय-म्हशीचं तसं करायला गेलात तर अवघड आहे. माणसाच्या गर्भाबद्दल आपल्याला जे कळलंय त्यातलं कितीतरी मेंढीच्या जिवावर कळलंय.

तर गाभणकाळाच्या मध्यावर पोटातल्या कोकराची अन्ननलिका बांधायची आणि परत शिवून टाकायचं. नाळ चालू, वार चालू, खाणंपिणं सगळं पूर्वीसारखं. बंद केलं फक्त गिळणं. मग दिवस भरत आले की आतडं बघायचं. आतड्याच्या आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, अन्न शोषून घ्यायचं काम तेच करतात. गिळणं बंद केलेल्या कोकरांत हे अंकुर आखूड राहतात, आतड्याचं अस्तर पातळ राहतं, वजनात आतडं हलकं भरतं. जेवणाच्या पंगतीला माणसं आली पण पानंच मांडलेली नाहीत, तसं.

यातली माझ्या मनाला सगळ्यात भिडलेली गोष्ट पुढची. ट्राहेअर आणि हार्डिंग यांनी १९९५ मध्ये छापलेल्या कामात काही कोकरांची बांधलेली अन्ननलिका पोटात असतानाच पुन्हा मोकळी केली. गिळणं सुरू झालं आणि राहिलेली आतड्याची वाढ भरून आली. दोष दुसऱ्या कशात असता तर ती भरून आली नसती.

सशांतही असं काम झालंय. अन्ननलिका बांधलेल्या पिल्लांच्या जठरात नळीने काहींना गर्भजल दिलं, काहींना सलाइनसारखं क्षारपाणी. गर्भजल मिळालेल्यांचं आतडं सुधारलं, क्षारपाण्याने तेवढं साधलं नाही. म्हणजे आतडं नुसतं भरून ताणलं जाण्याने भागत नाही, त्या पाण्यात जे आहे त्याने फरक पडतो.

आणखी एक. मेंढीत गिळणं बंद केलं तरी पाणी कायम वाढलेलं राहतंच असं नाही. वारेवरच्या रक्तवाहिन्या जास्त शोषायला लागतात आणि पातळी सावरते. म्हणून "पाणी ठीक आहे, म्हणजे बाळ गिळतंय" असं उलटं धरू नये.

---

बालशल्य | बुधवार, रात्री ११:१५

माणदेशी, तुमच्यासारखं मला लिहिता आलं नसतं. माझं अर्धं काम तुम्ही केलंत.

प्रमोदराव, "पोषण ते किती असणार" याला आकडा आहे. गर्भजलात थोडी प्रथिनं असतात. बाळ ती गिळतं, आतडं ती पचवून अमिनो आम्लं रक्तात घेतं. दिवस भरत आलेल्या बाळाला लागणाऱ्या नायट्रोजनपैकी, म्हणजे प्रथिनांच्या गरजेपैकी, साधारण १० ते १५ टक्के या वाटेने भागते असा अंदाज आहे. हा अंदाज १९७० च्या दशकातला, पण तो आजही वापरला जातो. म्हणजे ८५-९० टक्के नाळच. तुमचं तेवढं म्हणणं बरोबर. पण सात-आठ रुपयांतला एक रुपया कुणी रोज काढून घेत असेल तर घराला ते जाणवतं.

पोषणापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या पाण्यातले वाढीचे घटक. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, इन्सुलिनसारखा वाढघटक असे कितीतरी. पहिला घटक स्टॅनली कोहेन यांना उंदरांच्या लाळग्रंथींत सापडला. तो टोचलेल्या उंदराच्या पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडायचे, त्यावरून त्यांनी माग काढला. १९८६ चं नोबेल त्यांना आणि रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांना मिळालं ते वाढघटकांच्या शोधासाठी. तोच घटक गर्भजलात असतो आणि आईच्या चिकातही भरपूर असतो. आतड्याच्या पेशींना तो सांगतो, वाढा, वाटून दोन व्हा. नाळेतून आलेलं अन्न आतड्याच्या बाहेरच्या अंगाने, रक्तातून येतं. आतल्या अंगाला जो स्पर्श हवा तो फक्त गिळलेल्या पाण्याने मिळतो.

वजनाबद्दल. तुम्ही दिलेली कारणं खरी आहेत आणि ती वेगळी काढणं सोपं नाही. पण एक धागा असा सापडतो की आतड्याला जन्मजात अडथळा असलेली बाळं तुलनेला घेतली, तर अडथळा जितका वरच्या बाजूला तितकं जन्मवजन कमी असण्याकडे कल दिसतो. लहान आतड्याच्या अगदी शेवटी अडथळा असेल तर वरच्या लांब आतड्याला पाणी मिळालेलं असतं, शोषून घेता आलेलं असतं, आणि ती बाळं बरीचशी नीट वजनाची असतात. हा पुरावा शंभर टक्के नाही, पण मेंढ्यांच्या कामाशी तो जुळतो.

म्हणून ओवीच्या आई, माझं प्रामाणिक उत्तर हे. ती लवकर जन्मली याचा वाटा मोठा. गिळायला पाणी मिळालं नाही याचाही वाटा असावा, वजनात थोडा आणि जठर-आतड्याच्या तयारीत जास्त. तिचं अंगठ्याएवढं जठर ही तर डोळ्यांनी दिसलेली गोष्ट आहे. आणि ५ मिलीचं ६० मिली झालं ही दुसरी. पोटात जे व्हायचं राहिलं होतं ते तुमच्या दुधाने बाहेर करून घेतलं.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल, १९४१ च्या आधी अन्ननलिकेची दोन टोकं एकाच शस्त्रक्रियेत जोडून बाळ जगल्याची नोंद नाही. त्या वर्षी मिशिगनमध्ये कॅमेरॉन हाइट यांनी एका मुलीवर ती केली.

---

चिंतामणी_दापोली | गुरुवार, सकाळी ८:००

सूनबाईंना सगळं वाचून दाखवलं. आता कसंतरी वाटत नाही म्हणाल्या. बालशल्य आणि माणदेशी, दोघांचे आभार.

---

सुनंदा_सिस्टर | गुरुवार, दुपारी ४:४५

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, काम करते, आत्ताच ड्यूटी संपली. डॉक्टरांनी चिकाचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

आमच्याकडे सातव्या महिन्यातली बाळं येतात, हजार-अकराशे ग्रॅमची. लोक म्हणतात, बाळाला काचेत ठेवलंय. त्या बाळांचं गिळणं अचानक थांबलेलं असतं. कालपर्यंत दिवसरात्र गर्भजल पोटातून फिरत होतं आणि आज आतडं रिकामं. सलाइनमधून साखर, प्रथिनं सगळं देतो, तरी आतड्याच्या आतल्या बाजूला काही पोचत नाही. म्हणून नाकातोंडातल्या नळीने आईचा चीक देतो, पहिल्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी अर्धा-एक मिली. सिरिंजमध्ये घेतला की तुपासारखा पिवळा आणि दाट दिसतो. आजी काचेबाहेरून विचारते, "एवढ्याशाने पोरीचं काय पोट भरणार?" मी सांगते, आजी, हे पोट भरायला नाही, आतडं जागं ठेवायला आहे. माणदेशींनी लिहिलेले ते अंकुर, त्यांच्यासाठी आहे.

आई दूरच्या गावी ॲडमिट असेल, दूध आलं नसेल, तेव्हा दुसऱ्या आयांचं दान केलेलं दूध वापरतो. आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी आपल्या मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी केली. डब्याचं दूध दिलेल्या कमी दिवसांच्या बाळांत आतडं सडण्याचा आजार जास्त होतो. आईचं किंवा पेढीतलं दूध मिळालं तर तो धोका कमी होतो. मी अशी बाळं जाताना पाहिली आहेत, म्हणून कळकळीने लिहिते, पहिला चीक पिळून फेकू नका. अजूनही काही घरांत फेकतात.

अजून एक, मला स्वतःला फार नवल वाटणारं. बाळाची पहिली काळी शी, डांबरासारखी चिकट. ती म्हणजे पोटात असताना गिळलेल्या पाण्यातला गाळ. अंगावरची लव, सुटलेल्या त्वचेच्या पेशी, अंगावरचा पांढरा लेप, आणि पित्त. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक केस चक्क दिसतात. बाळाला नुसतं नाळेनेच जेवू घातलं असतं तर ते केस तिथे कसे पोचले असते?

---

प्रमोद_ठाणे | गुरुवार, संध्याकाळी ६:१०

सिस्टर, डॉक्टर, माणदेशी, तिघांचं वाचलं. अन्ननलिका परत मोकळी केल्याचा प्रयोग मला माहीत नव्हता. माझं मत बदललं. पोषण म्हणून ते थोडं आहे, पण आतड्याला तयार करणारं आहे, असा फरक मी केला नव्हता.

---

पहिलटकरीण_सातारा | गुरुवार, रात्री ९:२५

मला एकोणतिसावा आठवडा चालू आहे. काल सोनोग्राफीत एएफआय ७ आलं, लिहिलंय "काठावर". माझं उलटं झालंय, पाणी कमी. सगळे म्हणतात नारळपाणी पी, दिवसाला पाच लिटर पाणी पी. आता बाळाला गिळायला पाणीच नाही तर त्याचं आतडं वाढणार नाही का? कालपासून झोप नाही.

---

बालशल्य | गुरुवार, रात्री १०:३०

घाबरू नका. बहुतेक ठिकाणी ५ च्या खाली आलं तर कमी धरतात, ७ काठावरचं आहे. शिवाय हा पिशवीच्या चार भागांत मोजलेल्या खोलीचा बेरजेचा आकडा आहे, बाळ हललं तरी एक-दीड सेंटिमीटर इकडेतिकडे होतो. बाळ पीत राहतंच.

पाणी खरंच कमी असतं तेव्हा मी काळजी करतो ती गिळण्याची नाही, लघवी कमी का होतेय याची. वारेतून रक्त कमी येत असेल तर बाळ मेंदू आणि हृदयाकडे रक्त वळवतं, मूत्रपिंडांना कमी मिळतं, लघवी घटते. म्हणून तुमचे डॉक्टर बाळाचं वजन, डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) आणि तुमचा रक्तदाब बघतील. पिशवीतून पाणी झिरपत नाही ना, हेही विचारतील. कपडे ओले लागत असतील तर लगेच सांगा. मूत्रपिंडं तयारच झालेली नाहीत असं फार क्वचित असतं आणि तेव्हा पाणी जवळजवळ नसतंच. तुमचं तसं नाही.

पाणी प्या, दोन-अडीच लिटर, तहानेप्रमाणे. आईने पाणी प्यायल्याने कमी असलेला एएफआय थोडा वाढतो हे अभ्यासांत दिसलंय. पाच लिटरची गरज नाही. नारळपाणी आवडत असेल तर घ्या, पण त्यात पाण्यापलीकडे गर्भजल वाढवणारं काही नाही. पुढची सोनोग्राफी चुकवू नका आणि बाळाची हालचाल मोजत जा.

---

ओवीची_आई | गुरुवार, रात्री ११:४०

पहिलटकरीण, माझ्या वेळी मला असं समजावून सांगणारं कुणी आधी भेटलं असतं तर तो एप्रिल वेगळा गेला असता. तुझ्या सोनोग्राफीनंतर इथे नक्की लिही.

आणि इथे येणाऱ्या सगळ्यांना विनंती. ज्यांच्या घरात "पाणी जास्त झालंय" असं सांगितलंय त्यांनी सुनेचं पाणी तोडू नका. मी नंतर वाचलं की पाणी वाढण्याचं कारण पुष्कळदा सापडतच नाही, काही वेळा आईची साखर वाढलेली असते आणि त्यामुळे बाळ जास्त लघवी करतं. म्हणून साखर तपासा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "बाळाच्या जठराचा ठिपका दिसला का?" मला हा प्रश्न माहीत असता तर पंधरा दिवस वाचले असते. जन्म कुठे व्हायचा, तिथे बालशल्यचिकित्सक आहेत का, ही तयारी आधी करता आली असती.

बालशल्य, तुमचं उत्तर मी तीनदा वाचलं. "वाटा असावा" एवढं मला पुरे आहे. मला होकार किंवा नकार नको होता, कसं ते हवं होतं. सुनंदाताई, ती अर्धा मिलीची सिरिंज मीही रोज भरून द्यायचे. तेव्हा वाटायचं की निदान काहीतरी करतेय. तिने नेमकं काय केलं ते आज कळलं.

---

पहिलटकरीण_सातारा | पुढचा शुक्रवार, दुपारी १२:१५

एएफआय ९ आलं! बाळाचं वजन बरोबर, डॉप्लर नॉर्मल. मी जठराचा ठिपका विचारला. डॉक्टरांनी स्क्रीन वळवून दाखवला, काळा, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा. आणि आम्ही बघत असतानाच बाळाने तोंड उघडून मिटलं. डॉक्टर म्हणाल्या, हे बघ, घोट घेतला.

ओवीची आई, तुमच्यामुळे विचारता आलं. ओवी आता सगळं खाते का?

---

ओवीची_आई | पुढचा शुक्रवार, रात्री ९:५०

वाचून डोळे भरून आले. तुझ्या बाळाला खूप शुभेच्छा.

हो, सगळं खाते. भाकरी कुस्करून द्यावी लागते, मोठा घास जोडाच्या जागी अडतो. तिलाच आता कळतं. ती थांबते, मान जरा वर करते आणि भांड्याकडे बोट दाखवते. मी पाणी देते, एक घोट घेते, घास खाली उतरतो, की पुन्हा जेवायला लागते.